ताई, तिकडे नको

‘रिकामा’ हा शब्द उल्का कोपर्डेकरला मुळीच खपत नव्हता. डबा रिकामा असतो, खोली रिकामी असते. माणूस कसला रिकामा? पण गेल्या दोन-तीन वर्षांत तो शब्द सगळ्यांच्या तोंडी इतका रुळला होता, की मिरजेतल्या त्या मोठ्या रुग्णालयाच्या कँटीनमध्ये लोक चहा ढवळता ढवळता सहज सांगायचे, "आमच्या मामांचं यंत्रानं रिकामं सांगितलं हो." ऐकणारा मान हलवायचा आणि पुढे काही विचारायचा नाही. यंत्रानं सांगितल्यावर विचारायचं राहतं काय?

आज गुरुवारी दुपारी, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर, तिची भावजय वैजयंती तिला नेमकं तेच सांगत होती.

"ताई, तीन चाचण्या झाल्या. तिन्ही वेळा तेच आलं. उद्या सकाळी नळी काढायची ठरलंय, मी होकार दिलाय. आता तुम्ही नवीन काही उकरून काढू नका."

"काढणार. माझा धाकटा भाऊ आहे तो."

"आणि माझा कोण आहे?"

उल्का गप्प बसली. तशी ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. इचलकरंजीच्या पाणीपुरवठा खात्यात तिनं आयुष्य काढलं होतं आणि भल्याभल्या ठेकेदारांना तिच्या टेबलापुढे घाम फुटायचा. पण आज वैजयंतीशी भांडायला तिच्याकडे मुद्दाच नव्हता, नुसता हट्ट होता.

निरंजन बँकेतून निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एका सकाळी दाढी करता करता बेसिनपाशीच कोसळला. मेंदूच्या देठात रक्तस्राव झाला होता. तेव्हापासून तो काचेपलीकडच्या त्या खाटेवर पडून होता. डोळे उघडे, पण बुबुळ हलत नाही, पापणी आपल्या मर्जीनं मिटत नाही, बोट नाही, ओठ नाही. श्वाससुद्धा यंत्राचा. पूर्वी अशा माणसाच्या उशाशी घरचे वर्षानुवर्षं बसून राहायचे. आत कुणी ऐकतंय की नाही हे कुणालाच ठाऊक नसायचं, आणि ठाऊक नसण्यातच आशेला जागा होती. मग ‘पायवाट’ आली आणि ती जागा संपली.

पायवाटेचं शास्त्र तसं समजायला अवघड नाही. मेंदूत खोलवर काही पेशी असतात, त्यांचं काम फक्त जागा ओळखणं. आपण घराच्या दारात उभे असलो की काही पेशी जाग्या होतात, ओट्यापाशी गेलो की दुसऱ्या, गॅलरीत तिसऱ्याच. आणि खरोखर चालायचीही गरज नाही. पडल्या पडल्या मनातल्या मनात घरभर फिरलं, तरी त्या त्याच क्रमानं जाग्या होतात. त्यातून उठणारी चुंबकीय थरथर इतकी नाजूक, की एके काळी ती पकडायला खोलीभर यंत्र लागायचं. आता ते डोक्यावरच्या टोपीत मावतं. रुग्णाला टोपी घालायची आणि सांगायचं, मनातल्या मनात घरात फिर. फिरला, तर आत माणूस आहे. मग ‘हो’ म्हणायचं असेल तर स्वयंपाकघरात जा, ‘नाही’ म्हणायचं असेल तर गॅलरीत जा, असं बोलणंही जमायचं. कित्येक घरांत त्या टोपीनं ऐन उन्हाळ्यात दिवाळी आणली होती. पण जो तीन चाचण्यांत एकदाही फिरला नाही तो रिकामा, असं डॉक्टर म्हणू लागले, आणि मागोमाग कायदाही तेच म्हणू लागला.

"घरात बोलावणारी मीच होते," वैजयंती म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरडा होता. "निरंजन, दारातून आत ये, चपला काढ, डावीकडे वळ, चहा टाकलाय मी. तिन्ही वेळा बोलावलं. नाही आला. तो आत आहे आणि मी बोलावूनही आला नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला? मग ते मला जास्त लागेल, ताई."

उल्का उठली आणि तडक डॉक्टर तौफीक मुजावरांच्या खोलीत शिरली. मुजावर डबा उघडून पहिला घास घेत होते.

"डॉक्टर, तुमचं घर चुकलं."

"माझं?"

"तुम्ही त्याला ज्या घरात फिरायला सांगता ते. बँकेची नोकरी केलीय त्यानं. आज परभणी, उद्या चिपळूण. सांगलीचा फ्लॅट तर काल-परवा घेतलेला. त्याला या जगात एकच जागा पाठ आहे, चौकटीन्‌चौकट पाठ आहे, आणि ती ही." तिनं पिशवीतून टॅब आणि त्याचा घडीचा कीबोर्ड काढून त्यांच्या डब्याशेजारी ठेवला.

पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या रेघांनी काढलेलं एक भुयार होतं.

"हे काय?"

"कार्मून. गेम आहे. तुमचा जन्म व्हायच्या आधीचा."

त्यांच्या वडिलांचा इचलकरंजीत टायपिंगचा क्लास होता आणि पुढे त्यात एक संगणक आला. रविवारी क्लास बंद असला की ही दोघं भावंडं त्याच्यापुढे ठाण मांडायची. उल्का दहावीत, निरंजन सातवीत. चार वीर घेऊन कार्मूनच्या भुयारात उतरायचं. एक कळ दाबली की एक पाऊल, दुसरी दाबली की वळण. राक्षस होते, मंतरलेल्या तलवारी होत्या, कोडी घालणारे दगडी चेहरे होते. नव्हता तो नकाशा. तो आपला आपण आलेखाच्या कागदावर काढायचा. आणि खेळ इतका खुनशी, की वीर मेले की साठवून ठेवलेला डावसुद्धा फ्लॉपीवरून आपणहून पुसून टाकायचा. मेलात म्हणजे मेलात. तसल्या भुयारात ही दोघं सलग दोन वर्षं राहिली होती म्हटलं तरी चालेल.

"साठी उलटली तरी मी अजून खेळते," उल्का म्हणाली. "हसू नका."

"हसत नाही. आम्ही खेळलो ते गेम बोट धरून न्यायचे. कुठे जायचं त्याचा बाण जमिनीवरच उमटायचा." मुजावरांनी डब्याचं झाकण लावलं. "चौथी चाचणी नियमात बसत नाही, मॅडम. पण टोपी अजून काढलेली नाही आणि दुपारची फेरी सुरू व्हायला वेळ आहे. चला. मात्र काही दिसलं नाही, तर तुम्ही वहिनींना त्रास द्यायचा नाही. कबूल?"

"कबूल," उल्का म्हणाली. कबूल नव्हतं, पण म्हणाली.

निरंजनच्या स्थिर नजरेसमोर टॅब बसवला गेला. श्वास देणारं यंत्र सुस्कारत होतं. मुजावर खाटेच्या पायथ्याशी आपल्या पडद्यासमोर बसले. वैजयंती आत आली नाही, दारातच हाताची घडी घालून उभी राहिली.

"निरू," उल्का भावाच्या कानाशी वाकली, "कार्मून आहे बघ. पहिला मजला. आपण दगडी चेहऱ्याच्या जरा अलीकडे आहोत. इथून जिन्यापर्यंत चल. मनातल्या मनात चल. चल ना रे."

काही नाही. मुजावरांच्या पडद्यावरच्या रेघा जशा होत्या तशाच वाहत राहिल्या. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. उल्कानं पुन्हा सांगितलं, मग लाडीगोडी लावली, मग रागावली. चार वेळा झालं, पाच वेळा झालं. शेवटी मुजावरांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते काय बोलणार हे कळायला त्यांनी बोलायचीही गरज नव्हती.

"झालं समाधान?" दारातून वैजयंती म्हणाली.

उल्काचं डोकंच फिरलं. तिला वैजयंतीचा राग आला, मुजावरांचा आला, त्या टोपीचा आला आणि सगळ्यांत जास्त निरंजनचा आला. तिनं कीबोर्ड ओढून मांडीवर घेतला आणि ताडताड कळा दाबत सुटली. पुढे. पुढे. डावीकडे. पुढे. उजवीकडे.

"थांबा!" मुजावर ओरडले. "आत्ता काय केलंत?"

"काय करणार? चालतेय. तो चालत नाही तर मी चालतेय."

"शेवटचं पाऊल. पुन्हा करा."

उल्का वळण मागे घेऊन पुन्हा उजवीकडे वळली. मुजावरांच्या पडद्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात एक रेघ टुणकन वर उडाली आणि खाली बसली.

"हा भाग आम्ही बघतच नाही," मुजावर पुटपुटले. "हा जागेच्या पेशींचा नाही. कपाळामागचा आहे. मॅडम, उजवीकडे काय आहे?"

पडद्यावर तर नुसती सरळ वाट दिसत होती. उल्काला बघायची गरजच नव्हती.

"खड्डा आहे," ती म्हणाली. "दिसत नाही, पण आहे. पडलं की खेळ खलास." आणि मग तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो डॉक्टर, आपण येडे आहोत! तो कार्मूनमध्ये कधी चाललाच नाही. थोरली मी, कळा माझ्या हातात. त्याला मी हात लावू देते होय! तो शेजारी स्टुलावर, मांडीवर नकाशा घेऊन. मी चालायची आणि तो मला अडवायचा. ताई, तिकडे नको. ताई, खड्डा आहे. सबंध खेळ त्यानं मला अडवण्यात घालवला. आणि आपण त्याला म्हणतोय चाल!"

मुजावर आपल्या पडद्याकडे वळले. मग बोलू लागले ते आधी स्वतःशी बोलल्यासारखं. समोर काही चुकलं, की मेंदूच्या एका भागातून पाव सेकंदाच्या आत एक लाट उठते. चूक आपली असो वा दुसऱ्याची. ती ठरवून उठवता येत नाही आणि दाबताही येत नाही, त्यामुळे तिच्यात लबाडी नसते. स्वतःहून काही सुरू करणं हे मात्र निराळंच काम. मनातल्या मनात पाऊल उचलणं धरून. रक्तस्रावात नेमकं तेच गेलं असेल, तर माणूस सगळं ऐकेल, सगळं बघेल, पण बोलावल्यावर उठून येऊ शकणार नाही.

"म्हणजे मी बोलावत होते तेव्हा..." वैजयंती दारातून दोन पावलं आत आली होती.

"ऐकत असतील. उठता येत नसेल."

"मग एवढा खटाटोप कशाला? त्याच्यासमोर काहीतरी चुकीचं बोला ना. त्याचं नाव चुकीचं घ्या. लाट येईलच की."

"येईल, पण आम्हाला दिसणार नाही. फार बारीक असते ती. वाक्य ऐकताना चूक नेमकी कुठल्या क्षणी लक्षात आली ते यंत्राला कळत नाही, आणि बाकीच्या गोंधळात ती बुडून जाते. इथे कळ दाबली तो क्षण पक्का आहे."

मग मुजावरांनी खरी परीक्षा घेतली. त्यांनी उल्काला टॅबकडे पाठ करून बसवलं आणि कुठली कळ दाबायची ते आपल्या मनानं सांगत गेले. भिंतीवर आपटा. लाट. मागे फिरा. काही नाही. डावीकडे. काही नाही. उजवीकडे, खड्ड्याच्या दिशेनं. लाट, आधीपेक्षा मोठी. आणखी एक पाऊल खड्ड्याकडे. आणखी मोठी. मुजावरांच्या कपाळावर घाम आला होता आणि तो पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"पुरे," ते म्हणाले. "आहेत. हे आत आहेत."

उल्का जिंकली होती. तिला नाचावंसं वाटलं, पण तिनं वैजयंतीकडे पाहिलं आणि ती जागच्या जागी थिजली. वैजयंती खाटेच्या कडेला गुडघे टेकून बसली होती. तिनं निरंजनचा निर्जीव हात आपल्या तोंडावर दाबून धरला होता आणि तिचे खांदे गदगदत होते.

"मला वाटलं तू नाहीस रे," ती म्हणत होती. "मी होकार दिला. मी उद्याचा होकार दिला, आणि तू ऐकत होतास."

थोड्या वेळानं ती उठली, तोंड पुसलं आणि मुजावरांपुढे उभी राहिली. ही निराळीच वैजयंती होती.

"उद्याचं रद्द करा. आत्ताच्या आत्ता."

"ते रद्द झालंच. पण वहिनी, एक आहे." मुजावर अडखळले. "रिकाम्या माणसाचा निर्णय घरचे घेतात. हे रिकामे नाहीत. म्हणजे आता त्यांचा निर्णय त्यांचा. त्यांना विचारावं लागेल."

"काय विचारायचंय त्यात?" उल्का फिस्कारली. "तो जिवंत आहे. संपलं."

"यात सुधारणा नाही, मॅडम. मी खोटी आशा दाखवणार नाही. हे असेच राहतील. पापणीही हलणार नाही. वर्षंच्या वर्षं. आता त्यांना विचारायची वाट सापडल्यावर मी न विचारता राहू शकत नाही. आणि दोन्ही बाजूंनी विचारावं लागेल, नाहीतर त्या उत्तराला अर्थ नाही."

वैजयंतीनं उल्काकडे पाहिलं. गेले कित्येक महिने दोघी एकमेकींशी धड बोलल्या नव्हत्या. आता वैजयंतीनं तिचा हात पकडला. "विचारा, ताई. तो हो म्हणेल. मी त्याला घरी नेणार आहे."

कसं विचारायचं ते उल्काला सुचायला वेळ लागला नाही. दगडी चेहऱ्यासमोर वाट दुभंगते. डावीकडे जिना, वर दरवाजा, बाहेर उजेड. उजवीकडे खड्डा. तिनं वीर तिथे आणून उभे केले आणि भावाच्या कानाशी वाकली.

"निरू, नीट ऐक. आता हा खेळ नाही. डावीकडचा जिना म्हणजे असंच चालू ठेवायचं. ही नळी, हे यंत्र, आणि आम्ही. उजवीकडचा खड्डा म्हणजे उद्या नळी काढायची. मी चालते. तुला जिकडे जायचं नाही तिकडे मला अडव. बस, एवढंच."

मुजावरांनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा.

"आधी खड्डा," ते म्हणाले.

उल्का उजवीकडे वळली. तिची नजर मुजावरांच्या पडद्याच्या कोपऱ्यावर खिळली होती. मघाशी इथेच ती रेघ उडाली होती. आता ती सपाट राहिली. उल्का एक पाऊल पुढे गेली. सपाट. अजून एक.

"झोपला असेल," उल्का म्हणाली. तिनं मुद्दाम वीरांचं तोंड भिंतीकडे वळवून धडक दिली. रेघ टुणकन उडाली.

"जागे आहेत," मुजावर हलकेच म्हणाले. "आता जिना."

ती मागे फिरली, दगडी चेहऱ्यापाशी आली आणि डावीकडे वळली.

लाट आली.

"आवाज असेल कुठलातरी," वैजयंती घाईनं म्हणाली. "यंत्राचा. जा ना तुम्ही पुढे."

उल्का एक पाऊल पुढे गेली. लाट. जिना आता पडद्यावर दिसू लागला होता, हिरव्या रेघांच्या पायऱ्या आणि वर चौकोनी उजेड.

"जा, ताई. चढा!"

ती पहिली पायरी चढली. लाट इतकी मोठी आली की शेजारच्या रेघाही हलल्या. दुसरी पायरी. पुन्हा. कार्मूनमध्ये या जिन्यावर त्यानं तिला कधी, एकदाही अडवलं नव्हतं. हा घरी जायचा जिना होता. उल्काला ते चांगलं माहीत होतं, आणि तरी ती तिसरी पायरी चढली, कारण वैजयंतीची बोटं तिच्या दंडात रुतली होती आणि कारण तिलाही तेच हवं होतं. रेघ परत परत उडत होती. बोलता येत नाही, हलता येत नाही, आणि जेवढं म्हणून येतं तेवढं सगळं लावून तो तिला अडवत होता.

उल्कानं कळांवरचा हात उचलला.

"का थांबलात?" वैजयंती म्हणाली.

"तो ओरडतोय, वैजू."

"मला नाही ऐकू येत! मला तर काहीच ऐकू येत नाही, ताई, मला नुसत्या रेघा दिसतात. तुम्ही त्या तुमच्या भुयारात त्याच्याशी बोलता, डॉक्टर बोलतात, आणि मी कोण? घ्या, सरका. मी विचारते."

उल्का उठली. वैजयंती तिच्या जागी बसली. तिनं जन्मात असला खेळ खेळला नव्हता. कुठली कळ कशाची ते उल्कानं सांगायचा प्रयत्न केला, तर तिनं हातानंच गप्प केलं.

तिनं एक कळ दाबली. एक पायरी वर. लाट.

"मी चुकतेय का रे?" तिनं निरंजनला विचारलं आणि तीच कळ परत दाबली. लाट. मग दुसरीच दाबली, वीर गर्रकन वळले आणि बाजूच्या भिंतीशी तोंड करून उभे राहिले. लाट. आणखी एकदा वळली. आता जिन्याकडे पाठ झाली होती. रेघ शांत राहिली.

वैजयंतीनं त्या रेघेकडे टक लावून पाहिलं. मग सावकाश एक पाऊल खाली. शांत. आणखी एक. शांत. जिना संपला, तिला कळलं नाही, ती डावीकडच्या भिंतीवर आदळली. लाट. "बरं बरं," ती म्हणाली आणि वळण बदललं. शांत. "असं का? अस्सं होय." आता ती त्याच्याशीच बोलत होती, खोलीत बाकी कुणी नसल्यासारखी. चुकली की तो अडवायचा, बरोबर असली की जाऊ द्यायचा. बेसिनपाशी कोसळला त्या सकाळपासून नवरा-बायकोत झालेलं हे पहिलंच बोलणं होतं. दगडी चेहऱ्यापाशी ती घुटमळली, एकदा जिन्याकडे वळून पाहिलं, त्यानं अडवलं, तशी ती उजवीकडच्या वाटेला लागली. उल्का भिंतीला टेकून उभी होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

सरळ वाट. एक पाऊल, शांत. एक पाऊल, शांत.

"आता थांब," उल्का म्हणाली. "पुढच्या पावलाला खड्डा आहे."

वैजयंती थांबली. मुजावर आपल्या पडद्याकडे बघत होते. वैजयंतीनं निरंजनच्या कपाळावर, टोपीच्या कडेखाली आलेले केस मागे सारले.

"इथवर आणलंस मला," ती म्हणाली. "बरं. कळलं मला. तुझं ऐकीन मी." मग वर न बघता तिनं विचारलं, "ताई, यात नुसतं थांबायची कळ असते का? कुठेही न जाता?"

"असते," उल्का म्हणाली. "ती लांबलचक, खालची. दाबली की एका पावलापुरतं तिथेच थांबायचं."

वैजयंतीनं ती दाबली. लाट आली नाही. तिनं ती पुन्हा दाबली, आणि मग पुन्हा.